घोटाळ्याची बातमी: पहिल्या मथळ्यापासून अंतिम आदेशापर्यंत माग कसा ठेवावा

२५ सप्टेंबर २०१२ रोजी अजित पवार यांनी सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ७ डिसेंबरला, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, ते पुन्हा त्याच पदावर आले. एवढ्या अवधीत ‘सिंचन घोटाळा’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात घरोघरी पोचला होता. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समिती, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची उघड चौकशी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील जनहित याचिका आणि एकमेकांशी न जुळणारी दोन प्रतिज्ञापत्रे असे हे प्रकरण पुढे अनेक वर्षे चालत राहिले. राजीनाम्याची बातमी बहुतेकांना आठवते. चितळे समितीच्या अहवालात काय होते, हे सांगू शकणारे मात्र फार थोडे भेटतात.

शासकीय गैरव्यवहाराच्या जवळपास प्रत्येक प्रकरणात हे अंतर दिसते. लोकांचा संताप माध्यमांच्या लक्षाबरोबर चढतो आणि त्याच्याबरोबरच उतरतो, तर जबाबदारी निश्चित करण्याचे खरे काम समितीच्या खोलीत, पोलिसांच्या कागदपत्रांत आणि न्यायालयाच्या तारखांमध्ये, बहुधा लक्ष ओसरल्यानंतर होते. सत्तेवर बसलेल्यांना हे वेळापत्रक चांगले ठाऊक असते. ते नागरिकांनाही ठाऊक असावे आणि ज्या काळात कोणी पाहत नाही, त्या काळातही प्रकरण नजरेसमोर ठेवण्याची साधी पद्धत त्यांच्या हाती असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यासाठी एक वही किंवा संगणकावरील एक फाईल, महिन्यातून एकदा थोडा वेळ आणि एका वेळी एकच प्रकरण हाती घेण्याचा निश्चय एवढे पुरते. पाच प्रकरणांचा माग एकदम ठेवू पाहणारा वाचक सहसा एकाचाही ठेवू शकत नाही.

पायरी पहिली: माहिती कधी होती आणि बातमी कधी झाली, या दोन तारखा वेगळ्या लिहा

घोटाळा ‘उघडकीस आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो त्याच दिवशी कोणाला तरी प्रथम कळला असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कागद आधीपासून कोठेतरी पडून असतो. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटी रुपयांवरून २६,७२२ कोटी रुपयांवर गेली, ही वाढ त्याच वर्षीच्या सरकारी मंजुऱ्यांमध्ये नोंदलेली होती. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी कामांचा दर्जा आणि वाढीव खर्च यांविषयी २०१२ च्या पूर्वार्धात शासनाला पत्रे लिहिली होती. तरीही वातावरण तापले ते सप्टेंबरमध्ये.

सप्टेंबरच का, हा प्रश्न वहीत लिहून त्याची उत्तरे शोधावीत. २०१२ मध्ये राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळाची छाया होती आणि मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची चिंता वाढत होती. आर्थिक पाहणी अहवालातील सिंचनाच्या आकड्यांवरून चर्चा सुरू झाली होती आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी सिंचनावर श्वेतपत्रिका काढण्याची घोषणा केली होती. काँग्रेस आणि राष्ट्रवादी या सत्तेतल्याच दोन पक्षांमधली ओढाताण वाढली होती. त्यात एका अभियंत्याचे पत्र बाहेर आले. कागद, टंचाईचा अनुभव आणि सत्तेतली फूट हे तिन्ही एकत्र आले की माध्यमांचे लक्ष टिकते. नुसता कागद असेल, तर बातमी आतल्या पानावर येऊन दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

याहून जुने उदाहरण तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचे आहे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा मेळ त्यात घातलेला होता. त्या काळात सिमेंट नियंत्रित होते. घराची एक भिंत बांधायची तरी परवाना लागे आणि सामान्य माणूस त्यासाठी खेटे घालत असे. त्यामुळे हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी अर्थशास्त्राची गरज पडली नाही, कारण वाचक त्या टंचाईतच जगत होता. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी या प्रकरणात अंतुले यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्याच महिन्यात अंतुले यांना पद सोडावे लागले. त्यानंतर केंद्र सरकारने फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. फौजदारी खटला मात्र पुढे कित्येक वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरत राहिला आणि त्या टप्प्यावर त्याच्या मागे गर्दी नव्हती.

तेव्हा पहिल्या पानावर चार नोंदी कराव्यात. मूळ कागद कोणता आणि कोणत्या तारखेचा आहे, तो माध्यमांपर्यंत कोणाकडून आला, बातमी प्रथम कोठे छापली गेली आणि ती मोठी कधी झाली. कागद विरोधकाने दिला म्हणून तो खोटा ठरत नाही. अंतर्गत भांडणातून बाहेर आलेले कागद अनेकदा अगदी खरे असतात. परंतु देणाऱ्याने सोबत काय दिले नाही, याचा अंदाज येण्यासाठी स्रोत माहीत असावा लागतो.

पायरी दुसरी: आकडा सोडवून पाहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण लोकांच्या मनात प्रकरण शिल्लक राहते ते आकड्याच्या रूपाने.

‘७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा’ हे शब्द घ्या. ते ऐकल्यावर ७० हजार कोटी रुपये लुबाडले गेले असाच अर्थ मनात उभा राहतो. मुळात ती रक्कम दहा वर्षांत सिंचनावर झालेल्या एकूण खर्चाची होती. दुसऱ्या बाजूला २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील तक्ता होता. एकूण पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के, असे त्यात दिसत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘७० हजार कोटी खर्चून ०.१ टक्का सिंचन वाढले’ हे वाक्य तयार झाले. हे वाक्य अत्यंत परिणामकारक होते आणि त्यातला प्रश्नही रास्त होता, कारण एवढा पैसा गेल्यावर शिवारात पाणी का दिसत नाही हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे. परंतु पुढे ‘खर्च’ हा शब्द गळाला, त्याची जागा ‘घोटाळा’ या शब्दाने घेतली आणि आकडा तसाच राहिला. त्या रकमेत अपूर्ण प्रकल्प होते, भूसंपादन होते, पुनर्वसन होते आणि प्रामाणिकपणे झालेली कामेही होती. गैरव्यवहार नेमका किती रकमेचा, हे सांगणारा तो आकडाच नव्हता.

उलट दिशेने केलेली मांडणीही तपासावी. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस आलेल्या शासनाच्या श्वेतपत्रिकेने सिंचनातील वाढ पाच टक्क्यांहून थोडी अधिक असल्याचे सांगितले. ०.१ आणि ५ हे दोन्ही आकडे सरकारी कागदांतलेच होते, मग फरक कोठून आला? सिंचनक्षमता निर्माण होणे, ती प्रत्यक्ष वापरली जाणे आणि विहिरींसह सर्व स्रोतांतून भिजलेले क्षेत्र या तीन वेगळ्या मोजमापांची सरमिसळ दोन्हीकडून झाली होती. कालवा खोदला की कागदावर क्षमता निर्माण होते. चारी, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट, अपुरी असेल, तर शेत कोरडेच राहते. ज्याला ज्या मोजमापाची सोय होती, त्याने ते पुढे केले.

म्हणून बातमीतील प्रत्येक मोठ्या रकमेला पाच प्रश्न विचारावेत. ही रक्कम एकूण खर्चाची आहे, किंमतवाढीची आहे, संभाव्य तोट्याची आहे, लाचेची आहे की प्रत्यक्ष अपहाराची? बहुतेक गोंधळ एवढ्याने फिटतो. गोसीखुर्द प्रकल्पाची १९८० च्या दशकातील मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती आणि पुढे ती हजारो कोटींवर गेली. या वाढीत महागाई किती, बदललेली व्याप्ती किती, विलंब किती आणि फुगवलेल्या निविदा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या वाढीला एकच नाव देता येत नाही.

टू-जी प्रकरणात, म्हणजे मोबाइल सेवेचे परवाने आणि स्पेक्ट्रम यांच्या वाटपाच्या वादात, हेच देशपातळीवर घडले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या नोव्हेंबर २०१० च्या अहवालात तोट्याचे वेगवेगळ्या गृहीतकांवर आधारलेले अंदाज दिले होते. ते ५७,६६६ कोटींपासून १,७६,६४५ कोटी रुपयांपर्यंत जात होते. लोकांपर्यंत पोचला तो फक्त सर्वांत मोठा. केंद्रीय अन्वेषण विभागाने आपल्या आरोपपत्रात सुमारे ३०,९८४ कोटींचा तोटा धरला होता, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. मोठा आकडा छापणे हा वृत्तपत्रांचा कट होता असे मी म्हणणार नाही. मथळ्यात चार अंदाज बसत नाहीत आणि विरोधी पक्षाला भाषणासाठी एकच आकडा हवा असतो. तोटा मात्र वाचकाचा होतो. सात वर्षांनी निकाल लागतो तेव्हा त्याच्या हातात तुलना करण्यासाठी तेवढा एकच आकडा असतो आणि मग ‘काहीच झाले नव्हते’ या दुसऱ्या टोकाच्या प्रचारापुढे तो हतबल होतो.

आकड्याला स्वतःचे राजकीय आयुष्यही असते. जून २०२३ मध्ये भोपाळ येथील भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि त्यात सिंचनाचाही उल्लेख होता. पुढच्याच आठवड्यात, २ जुलै रोजी, त्या पक्षाचा एक गट राज्यातील सत्तेत सहभागी झाला. वहीत अशा वापरांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. एकच आकडा कोण, कधी आणि कोणाविरुद्ध वापरतो, हे त्या यादीतून आपोआप दिसते.

पायरी तिसरी: चौकट ओळखा

प्रत्येक मोठ्या प्रकरणाची एक कथा ठरते आणि पुढची प्रत्येक बातमी त्या कथेत बसवली जाते. ‘आदर्श’ सोसायटीची कथा कारगिलच्या शहीदांच्या पत्नींची होती. त्यांच्यासाठीच्या जागेवर कुलाब्यात ३१ मजल्यांची इमारत उभी राहिली आणि सदनिका नेत्यांच्या व अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी घेतल्या, अशी ती मांडणी होती. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस बातम्या पेटल्या आणि ९ नोव्हेंबरला अशोक चव्हाण यांचे मुख्यमंत्रिपद गेले. एवढ्या वेगामागे त्या चौकटीची भावनिक ताकद होती यात शंका नाही.

पुढे माजी न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या आयोगाने २०१२ मधील अंतरिम अहवालात असा निष्कर्ष काढला की, ती जमीन कारगिलच्या जवानांसाठी किंवा त्यांच्या पत्नींसाठी राखीव नव्हती. हा निष्कर्ष येताच ‘मग घोटाळा कसला?’ असे म्हणणारे पुढे आले. पण त्याच आयोगाच्या अंतिम अहवालाने १०२ सभासदांपैकी २५ जण अपात्र असल्याचे आणि २२ व्यवहार बेनामी असल्याचे नोंदवले आणि वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दींत मिळालेल्या राजकीय आश्रयावर ताशेरे ओढले. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला, ज्याची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. म्हणजे लोकांना ज्या मुद्द्यावर सर्वाधिक राग आला, तोच मुद्दा कच्चा निघाला आणि नियमभंगाचे पक्के मुद्दे ऐकायला तेव्हा फारसे कोणी उरले नव्हते.

चौकट ओळखण्यासाठी पहिल्या आठवड्यातील पाच-सहा बातम्या एकत्र वाचाव्यात आणि प्रत्येकीत दोष कोणावर ठेवला आहे ते लिहावे. छायाचित्र कोणाचे आहे, विधान कोणाचे आहे, कोणाची बाजू घेतलीच नाही? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी दूरचित्रवाणीच्या बातम्यांवर केलेल्या कामातून एक गोष्ट पुढे आली होती. बातमी एकेका घटनेभोवती व व्यक्तीभोवती गुंफली, की प्रेक्षक दोषही व्यक्तीवरच ठेवतात आणि धोरण नजरेआड होते. सिंचन प्रकरणात हेच झाले. चर्चा एका नेत्याच्या खुर्चीभोवती फिरली. निविदेपूर्वी अंदाजपत्रक फुगवण्याची रीत, कंत्राटदाराला दिली जाणारी आगाऊ रक्कम, पुरेशी तरतूद नसताना सुरू केलेले शेकडो प्रकल्प हे सगळे आतल्या पानांवर राहिले. नेता परत आला तेव्हा प्रकरण मिटले असे वाटणे त्यामुळेच शक्य झाले.

पायरी चौथी: कायद्याच्या पायऱ्या आणि मथळ्यांचे शब्द जुळवून घ्या

‘अमुक अडचणीत’, ‘तमुकांभोवती फास आवळला’, ‘क्लीन चिट’ या शब्दांना कायद्यात स्थान नाही. वहीत डावीकडे मथळा आणि उजवीकडे त्या दिवशी प्रकरण प्रत्यक्ष कोणत्या टप्प्यावर होते ते लिहावे.

टप्पे असे समजावेत. तक्रार किंवा आरोप कोणीही करू शकतो. चौकशी आयोग १९५२ च्या कायद्याखाली नेमला जातो, साक्षी घेतो आणि अहवाल देतो, पण त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. आदर्श आयोगाचा अंतिम अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला त्याच दिवशी मंत्रिमंडळाने तो फेटाळला. त्यावर टीका झाली, राहुल गांधी यांनी जाहीरपणे असहमती दाखवली आणि जानेवारी २०१४ च्या सुरुवातीला सरकारने तो अंशतः स्वीकारला. लक्ष टिकले तर निर्णय बदलतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते. यानंतर गुन्हा दाखल होणे, तपास, आरोपपत्र, लोकसेवकाविरुद्ध खटल्याची मंजुरी, आरोपनिश्चिती, साक्षीपुरावा आणि निकाल असा क्रम असतो. मंजुरीचा टप्पा बातम्यांत सर्वांत दुर्लक्षित राहतो, पण तोच अनेकदा निर्णायक ठरतो. अशोक चव्हाण यांच्याविरुद्धच्या खटल्याला एका राज्यपालांनी २०१३ मध्ये मंजुरी नाकारली, दुसऱ्यांनी २०१६ मध्ये ती दिली आणि उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती रद्द केली. २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १७-अ नुसार लोकसेवकाच्या अधिकृत निर्णयांबाबत चौकशी सुरू करण्यापूर्वीही शासनाची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे.

तपास बंद करण्याचेही प्रकार आहेत. महाराष्ट्रात पोलीस न्यायालयात ‘समरी’ अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपींपर्यंत पोचता आले नाही तर अ समरी, तक्रार खोटी आढळली तर ब समरी, आणि गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची, खरी की खोटी असे म्हणता येत नसेल तर क समरी. हा पोलिसांचा अहवाल असतो. तो स्वीकारायचा की पुढील तपासाचा आदेश द्यायचा, हे न्यायालय ठरवते. राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटपातील कथित गैरव्यवहाराच्या प्रकरणात आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये क समरी दिली, पुढे आणखी तपास झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला. प्रत्येक वळणावर ‘क्लीन चिट’ हाच शब्द छापून आला.

याच दृष्टीने २५ नोव्हेंबर २०१९ चा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. दोन दिवसांपूर्वी पहाटेच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला होता. २५ तारखेला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सिंचनाशी संबंधित नऊ चौकशा बंद केल्याचे पत्र बाहेर आले. काही मिनिटांत दूरचित्रवाहिन्यांच्या पट्ट्यांवर पवारांना क्लीन चिट मिळाल्याचे झळकले. बंद केलेल्या नऊ चौकशांपैकी एकही त्यांच्याशी संबंधित नव्हती, असा खुलासा विभागाने त्याच दिवशी केला. म्हणजे लोकांची तीव्र प्रतिक्रिया ज्या बातमीवर उमटली, ती त्या कागदात नव्हतीच. आणि जी बातमी खरोखर महत्त्वाची होती, ती थोड्या दिवसांनी तुलनेने शांतपणे आली. ज्या विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाच्या कार्यनियमावलीतील नियम १० चा आधार घेऊन तत्कालीन जलसंपदामंत्री अजित पवार यांची जबाबदारी असल्याचे उच्च न्यायालयात सांगितले होते, त्याच विभागाने वर्षभराने फौजदारी जबाबदारी येत नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. मधल्या वर्षात कोणता नवा पुरावा आला, की केवळ कायद्याचा अर्थ बदलला? दोन्ही प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच हा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो.

टू-जीच्या निकालाचेही असेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले, म्हणजे वाटपाची पद्धत बेकायदा ठरवली. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. सर्व जण अफवा आणि तर्कवितर्क यांतून तयार झालेल्या लोकसमजावर चालले होते, अशी नोंद न्यायाधीशांनी निकालपत्रात केली. प्रशासकीय निर्णय बेकायदा असणे आणि त्यामागे शिक्षापात्र गुन्हा सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात.

पायरी पाचवी: वृत्तपत्राचे हितसंबंध ओळखा आणि किमान दोन ठिकाणी वाचा

यावर फार लिहिण्याची गरज नाही. ‘सामना’ हे शिवसेनेच्या ठाकरे गटाचे मुखपत्र आहे, ‘सकाळ’ समूह पवार कुटुंबातील प्रतापराव पवारांकडे आहे, ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबातील सदस्य काँग्रेसतर्फे खासदार आणि मंत्री राहिले आहेत. हे सारे सार्वजनिक आहे. एवढ्यावरून कोणाचीही बातमी खोटी ठरत नाही आणि या तिन्ही ठिकाणी उत्तम वार्ताहरांनी चांगले काम केले आहे. पण कोणत्या प्रकरणात कोणते पत्र बोलके होते आणि कोणते मौन पाळत होते, हे पाहिले की पानाच्या मांडणीचा अर्थ उलगडतो. जिल्हा आवृत्तीतील छोट्या बातम्या आवर्जून वाचाव्यात. अपूर्ण कालव्याची, थांबलेल्या मोबदल्याची माहिती राजधानीतल्या चर्चेपेक्षा तेथेच आधी मिळते.

पायरी सहावी: आपली प्रतिक्रिया तारखेसह लिहा

माध्यमे काय विचार करावा हे सांगण्यापेक्षा कशाविषयी विचार करावा हे ठरवतात, असा एक सिद्धान्त आहे. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल येथील १०० मतदारांचा अभ्यास करून तो मांडला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. तो स्वतःवर तपासून पाहता येतो. बातमी भडकली त्या दिवशी ‘मला काय वाटते, कोण दोषी वाटतो आणि का’ एवढे चार ओळींत लिहावे. महिन्याने न वाचता पुन्हा लिहावे आणि मग दोन्ही जुळवावे. मत बदलले असेल तर नव्या पुराव्यामुळे बदलले की केवळ बातम्या थांबल्यामुळे राग निवळला, हे त्यातून दिसते. अँथनी डाउन्स यांनी १९७२ मध्ये लोकांच्या लक्षाचे जे चक्र वर्णिले, त्यात उत्साहाच्या लाटेनंतर प्रश्न सोडवण्याची किंमत कळते आणि मग लक्ष हळूहळू ओसरते. ते ओसरणे स्वाभाविक आहे, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मात्र कागद वहीत असला, की लक्ष परत आणता येते.

पायरी सातवी: लक्ष ओसरल्यावर काय करावे

खटल्याचा क्रमांक किंवा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरील, अक्षरे व अंक मिळून १६ चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळवावा. त्यावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश घरबसल्या पाहता येतात. उच्च न्यायालयातील याचिकांचे आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांकडे विशेष लक्ष ठेवावे, कारण महालेखापरीक्षकांचे अहवाल अनेकदा तेव्हाच पटलावर ठेवले जातात आणि चर्चेला वेळ उरत नाही. ते अहवाल नंतर आमदारांच्या लोकलेखा समितीपुढे जातात. समितीने विभागीय सचिवांना काय विचारले, हे तिच्या अहवालात असते आणि ते वाचण्यासारखे असते.

यातून प्रश्न निघाला की माहितीचा अधिकार वापरावा. राज्यात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि राज्याच्या २०१२ च्या नियमबदलानुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून ‘घोटाळ्याची सर्व माहिती द्या’ असे लिहू नये. ‘अमुक प्रकल्पाच्या अमुक कालव्याची मूळ प्रशासकीय मान्यता, सुधारित मान्यता, आजवरचा खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांच्या प्रती मिळाव्यात’ असे मोजके लिहावे. तपास सुरू असल्याचे सांगून कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल हे विचारून ३० दिवसांत पहिले अपील करावे. तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नसते, असे उच्च न्यायालयांनी म्हटलेले आहे. पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

मिळालेला कागद स्थानिक वार्ताहराला द्यावा, आपल्या आमदाराला देऊन त्यावर विधानसभेत प्रश्न विचारण्याचा आग्रह धरावा, आणि काम गावच्या शिवारातले असेल तर ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्या वृत्तपत्राने पहिली बातमी दिली, त्याच्या संपादकांना पाठपुराव्यासाठी पत्र लिहावे. वाचक विचारतो आहे हे कळले, तर थंड पडलेल्या बातमीसाठीही जागा निघते. जिल्हा वार्ताहराकडे वेळ नसतो, पण हाती आलेला स्वच्छ, तारीखवार कागद तो सहसा टाकून देत नाही.

नोंद कधी बंद करावी

राजीनामा झाला, आयोग नेमला गेला, अटक झाली, किंवा निर्दोष मुक्तता झाली, यांपैकी कोणत्याही टप्प्यावर वही बंद करू नये. टू-जी निकालावर केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१८ मध्ये अपील केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते सुनावणीसाठी दाखल करून घेतले मार्च २०२४ मध्ये. अपिलाची मुदत संपली किंवा अंतिम आदेश झाला, की शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: सिद्ध काय झाले, वसूल किती झाले आणि ज्या नियमामुळे किंवा नियमाच्या अभावामुळे हे घडले, तो नियम बदलला का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याच विभागाच्या चालू अर्थसंकल्पातील सुधारित प्रशासकीय मान्यतांची, म्हणजे वाढीव खर्चाला दिलेल्या मंजुऱ्यांची, यादी मागवावी आणि नवे पान त्या यादीपासून सुरू करावे.